शैक्षणिक पालकत्व आणि गोव्यातली मुले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शैक्षणिक पालकत्व म्हणजे नेमके काय?

गरीब घरातल्या मुलाच्या शिक्षणाचा ठरावीक खर्च ठरावीक वर्षे बाहेरच्या कुणीतरी उचलायचा. ती व्यक्ती असेल, कंपनी असेल किंवा संस्था. मूल आईवडिलांकडेच राहते, कायद्याने दत्तक जात नाही आणि प्रायोजकाचा त्याच्यावर कसलाही हक्क नसतो. गोव्याला ही कल्पना नवी नाही. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ मध्ये उभी राहिली ती घराघरांतून गोळा होणाऱ्या मूठ-मूठ तांदळावर. पोर्तुगीज अमलात मराठी शाळा टिकल्या त्या अशाच वर्गणीवर.

गोव्यात सरकारी शाळा फुकट, अनुदानित शाळांत फी नाममात्र. मग पैसा लागतो कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नीट न समजल्यामुळेच पुष्कळ मदत वाया जाते. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा नेल्या. आज पहिली ते चौथीचे मूल शाळेपर्यंत पोचत नाही असे क्वचितच घडते. शिक्षणहक्क कायदा १४ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण देतो, माध्यान्ह आहार बचतगटांकडून येतो, अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचा पगार सरकार भरते. फी हा या सगळ्यातला सर्वांत लहान आकडा.

मूल अडते ते इतर ठिकाणी. नेत्रावळी, खोतीगाव किंवा सत्तरीच्या आतल्या वाड्यावरून उच्च माध्यमिक विद्यालयात जायचे तर पहाटेची एकच बस, आणि ती चुकली की दिवस गेला. बालरथ, म्हणजे सरकारी अनुदानावरची शाळेची बस, शाळेच्या वेळेला आणि शाळेच्या वाटेवर धावतो. दुपारच्या जादा वर्गाला थांबलेल्या मुलीला तो घरी आणत नाही. मग ती जादा वर्ग सोडते. नंतर विषय सुटतो आणि शेवटी शाळाच. दुसरे अडसर म्हणजे चष्मा, दाढदुखी, पावसाळ्यात भिजलेली वह्या-पुस्तके, घरात अभ्यासाला जागा नसणे. तिसरा अडसर सर्वांत मोठा: सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आणलेली रोजची मजुरी. काजूच्या हंगामात, ट्रॉलरवर, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये किंवा बांधकामावर ती सहज मिळते. शिकत राहायचे म्हणजे घराने त्या मजुरीवर पाणी सोडायचे. प्रायोजकाला खरे तर हीच उणीव भरून काढायची असते, आणि पावतीपुस्तकात तिच्यासाठी रकानाच नसतो.

खाणपट्ट्यात हे दोनदा उघडे पडले. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या तालुक्यांत ट्रकच्या कमाईवर चालणारी घरे एका झटक्यात उत्पन्नाला मुकली. कालपर्यंत ज्यांना गरीब म्हटले नसते अशा घरांतल्या कॉलेजातल्या मुलांची फी अडली. म्हणून निवड करताना रेशनकार्डाच्या रंगावर थांबू नका. या वर्षी घरात पैसा कुठून येतो, ते विचारा.

अशा मदतीने गरिबी खरेच सुटते का, की समाधान फक्त देणाऱ्याला?

दोन्ही घडते. ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज या अर्थतज्ज्ञांनी एका आंतरराष्ट्रीय बालप्रायोजकत्व कार्यक्रमातल्या मुलांचा मोठेपणीचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. भारतासह सहा देशांत दहा हजारांहून अधिक जणांची माहिती त्यात होती. प्रायोजित मुलांचे शालेय शिक्षण सरासरी १.०३ ते १.४६ वर्षे जास्त झाले आणि माध्यमिक शिक्षण पुरे करण्याचे प्रमाण १२ ते १८ टक्के-बिंदूंनी वाढले. पुढे पगारी नोकरीत, विशेषतः कार्यालयीन कामात जाणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. जगभरच्या आकडेवारीवरून शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे कमाई सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास वाढते, असाही एक नेहमी दिला जाणारा हिशेब आहे.

पण त्या कार्यक्रमात पैशाबरोबर नियमित भेटी, शिकवणी, आरोग्यतपासणी आणि ‘तू पुढे जाणार’ असे सांगणारी माणसेही होती. नुसता धनादेश पाठवून तोच परिणाम मिळेल असे कुणी समजू नये. शिवाय सरासरी म्हणजे प्रत्येक मूल नव्हे. दहावीनंतर मदत थांबली आणि मूल पुन्हा मजुरीवर गेले, तर आधीच्या पाच वर्षांच्या खर्चाचा कमाईवर फारसा परिणाम दिसत नाही. गोव्यात दहावी पास माणसाला मिळणारी कामे आणि दहावी नापासाला मिळणारी कामे यांत फरक थोडा आहे. फरक पडतो तो हातात कौशल्य किंवा पदवी आल्यावर. आमचे मत सरळ आहे: दहा मुलांना एकेक वर्ष देण्यापेक्षा दोन मुलांना पहिल्या पगारापर्यंत नेणे चांगले.

मदत कोणत्या इयत्तेपासून सुरू करावी?

पहिलीपासून नको. तिथे सरकारी व्यवस्था बऱ्यापैकी पुरते. गळती होते ती तीन सांध्यांवर.

पहिला सांधा चौथी ते पाचवी. सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या, आणि पाचवीपासून हायस्कूल बहुधा इंग्रजी माध्यमाचे. घरात कुणी इंग्रजी वाचत नसेल तर मूल पाचवीत गणित येत असूनही गणितात मागे पडते, कारण प्रश्नच कळत नाही. शिक्षक त्याला ‘कच्चा’ म्हणतात आणि आईला ते पटते. इथे पैसा थोडा पुरतो, वेळ जास्त लागतो: चौथीच्या सुट्टीपासून सहावीच्या शेवटापर्यंत आठवड्यातून तीन-चार दिवस तासभर वाचन. गावातलीच बारावी झालेली मुलगी मानधनावर नेमली तर शहरातल्या क्लासपेक्षा उपयोग जास्त होतो. तिला वाड्यावरची बोली येते आणि मूल गैरहजर राहिले तर ती घरी जाऊन विचारते.

दुसरा सांधा आठवी-नववी. आठवीपर्यंत शिक्षणहक्काचे छत्र असते, नववीत ते संपते आणि परीक्षा कडक होते. एन.एम.एम.एस. या केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेची संधीही आठवीतच, एकदाच. (तिच्याविषयी खाली.)

तिसरा सांधा अकरावी, आणि सर्वांत जास्त पैसा इथे लागतो. प्रवेश, गणवेश, पुस्तके, बसपास हे सगळे एकाच महिन्यात अंगावर येते, आणि शिष्यवृत्ती आलीच तर कित्येक महिन्यांनी येते. या मधल्या महिन्यांसाठी रोख हाताशी ठेवा. २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले, त्यामुळे ‘जूनमध्ये देऊ’ ही जुनी सवय आता उशिराची ठरते. त्या इयत्तांचा खर्च मार्चमध्ये मंजूर झालेला असावा.

दरमहा किती रक्कम ठरवावी?

ठरावीक आकडा सगळ्यांना लावू नका. वाळपईच्या बाजारपेठेत राहणाऱ्या मुलाचा आणि सुर्लाच्या घाटावरच्या मुलाचा प्रवासखर्च एक नसतो. घरच्यांबरोबर बसून वर्षाचा कागद करा: प्रवास (कदंब या सरकारी बससेवेचा विद्यार्थी पास धरून, आणि बस चुकल्यावर लागणारे भाडेही धरून), पुस्तके-वह्या, गणवेश व चपला-रेनकोट, परीक्षा व प्रवेशशुल्क, शिकवणी, दुपारचे खाणे, डोळे-दात तपासणी, मोबाइलचे रिचार्ज. बेरजेवर दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी ठेवा. मग सरकारकडून जे मिळते ते वजा करा. उरते ती तुमची रक्कम.

दुपारचे खाणे लोक नेहमी विसरतात. माध्यान्ह आहार आठवीपर्यंतच. पहाटे साडेपाचला घर सोडणारी अकरावीची मुलगी तीन वाजेपर्यंत चहा-बिस्किटावर राहते, आणि प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो.

पैसे कुणाच्या हातात द्यावेत?

फी आणि परीक्षाशुल्क थेट शाळेच्या किंवा कॉलेजच्या खात्यात, पावती मुलाच्या नावाची. पास, पुस्तके, गणवेश शक्यतो बिलावर. रोजचा खर्च आईच्या खात्यात, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. वडिलांविषयी काही आकस नाही. पण घरात दारूचा प्रश्न असेल तर ही रक्कम पहिली जाते. मुलाच्या हाती मोठी रोकड देऊ नये, आणि सणाला महागड्या भेटवस्तूही नकोत. चवथीला (गणेशचतुर्थीला) एकाच भावंडाला नवे कपडे आले की घरात जे होते ते निस्तरायला मग शिक्षकांनाच जावे लागते.

आधी कोणत्या सरकारी योजना तपासाव्यात?

प्रायोजकाचा पैसा सरकार देत असलेल्या गोष्टीवर घालवणे म्हणजे दुसऱ्या मुलाचा पैसा घालवणे. निदान एवढे पाहा:

एन.एम.एम.एस.: सरकारी व अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी परीक्षा. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत, सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत). बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय अशा ९०-९० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकी ९० मिनिटे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. घोळ होतो तो दोन ठिकाणी. दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावे लागते, हे घरच्यांना कुणी सांगत नाही. आणि दहावीत ६० टक्क्यांच्या खाली गेले (अनुसूचित जाती-जमातींना ५५) तर अकरावीपासून ती बंद होते. त्यामुळे एन.एम.एम.एस. मिळालेल्या मुलाला दहावीत शिकवणी लावणे हा दोन वर्षांचे २४,००० रुपये वाचवणारा खर्च आहे.

दहावीनंतरची शिष्यवृत्ती: अनुसूचित जमातींत गावडा, कुणबी आणि वेळीप समाज २००३ पासून आहेत. अनुसूचित जाती व जमातींसाठी केंद्राच्या योजनेत उत्पन्नमर्यादा अडीच लाख. धनगर-गवळी समाज गोव्यात इतर मागासवर्गात येतो, त्यामुळे त्यांचा अर्ज वेगळ्या योजनेत जातो. चुकीच्या योजनेत भरलेला अर्ज परत येईपर्यंत मुदत संपलेली असते.

नवोदय विद्यालय: सत्तरीत वाळपईला आणि काणकोणला. सहावीसाठी निवडपरीक्षा, राहणे-जेवण-शिक्षण मोफत, ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. पाचवीतल्या हुशार मुलासाठी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग.

मिशन वात्सल्य: वडील वारलेले, आईवडील दुर्धर आजारी, किंवा अनाथ मूल आजी-मामाकडे वाढणारे असेल तर महिना ४,००० रुपये. उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,०००, इतरत्र ९६,०००. अर्ज जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडे.

पदवी व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाचे व्याजमुक्त कर्ज आहे. दोन केंद्रीय शिष्यवृत्त्या एकाच वेळी सहसा चालत नाहीत, आणि खासगी मदत मिळते हे अर्जात विचारले असेल तर लपवू नये.

शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण पैसे आले नाहीत. कुठे अडते?

शंभरातल्या बहुतेक तक्रारी नावावर आणि खात्यावर येऊन थांबतात.

नाव: गोव्यात एकाच आडनावाची दोन-तीन रूपे कागदोपत्री फिरत असतात. गावकर हे जन्मदाखल्यात पोर्तुगीज वळणाने जी-ए-यू-एन-सी-ए-आर, आणि आधारवर जी-ए-ओ-एन-के-ए-आर. आईचे नाव लग्नाआधीचे एका कागदावर, नंतरचे दुसऱ्यावर. माणसाला यात काही वावगे वाटत नाही, संगणकाला वाटते. जन्मदाखला, शाळेचे रजिस्टर, आधार आणि बँक या चार ठिकाणी नाव अक्षरशः एक हवे. हे सातवीतच तपासा. शाळेच्या नोंदीतली दुरुस्ती दहावीच्या बोर्डाच्या अर्जाआधी सोपी असते. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चूक छापली गेली की मग कार्यालयांचे खेटे. जन्मदाखल्यावरचे नावच बदलायचे असेल तर गोव्याचा १९९० चा नाव व आडनाव बदलाचा कायदा लागू होतो. त्याची प्रक्रिया वेळ घेते, म्हणून आठवीनंतर ढकलू नका.

खाते: पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच पडतात, आणि आधार एका वेळी एकाच बँकेला थेट लाभासाठी जोडलेले असते. मुलाचे खाते दोन वर्षे हलले नाही तर बँक ते निष्क्रिय करते. उपाय साधा: दर सहा महिन्यांनी शंभर रुपये भरा, काढा.

दाखले: उत्पन्नाचा आणि वास्तव्याचा दाखला मामलेदार कार्यालयातून, जातीचा उपजिल्हाधिकाऱ्यांकडून. अर्ज गोवा ऑनलाइन या सरकारी संकेतस्थळावर होतो, पण रोजंदारीवरच्या आईला नागरी सेवा केंद्रात दोन फेऱ्या म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. तिच्याबरोबर जाणारा एक माणूस, ही रोख देणगीपेक्षा मोलाची मदत असू शकते. दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा हवा ते योजनेच्या सूचनेत वाचून मगच काढा.

कर्नाटकातून किंवा इतर राज्यांतून आलेल्या मजुरांच्या मुलांना मदत करता येते का?

येते, आणि खासगी पैशाची सर्वांत जास्त गरज तिथेच आहे. राज्याच्या कित्येक योजनांना १५ वर्षांच्या वास्तव्याची अट असते. झुवारीनगर किंवा चिंबलच्या वस्तीत वाढलेले मूल कोकणी घरच्यासारखी बोलते, पण दाखल्याअभावी यादीबाहेर राहते. शाळाप्रवेश मात्र दाखल्याअभावी नाकारता येत नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाचा तो कायदेशीर हक्क आहे. अशा घरांसाठी भाडेपावत्या, वीजबिल, शाळेची हजेरी, लसीकरणाचे कार्ड असे वास्तव्याचे पुरावे पहिल्या वर्षापासून एका फाइलीत ठेवायला शिकवा. पंधरा वर्षांनी ते पुन्हा जमवता येत नाहीत. दुसरी अडचण स्थलांतराची: मेच्या सुट्टीत गावी गेलेले कुटुंब कधी जुलैत परतते. परतण्याची तारीख आधी विचारून ठेवावी, आणि शाळेलाही कळवावी, नाहीतर नाव पटावरून जाते.

दहावीनंतर काय? प्रायोजकाला वाटते विज्ञान, घरच्यांना वाटते काम.

गुण आणि आवड दोन्ही असतील तरच विज्ञान. प्रतिष्ठेसाठी अकरावी विज्ञानाला ढकललेले मूल पहिल्या सत्रातच खचते, आणि वर्ष वाया गेले की घर त्याला कामाला लावते.

आयटीआय गोव्यात पणजी, म्हापसा, मडगाव, फर्मागुडी, काणकोण, सत्तरीत होंडा अशा ठिकाणी आहेत. फिटर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. खर्च कमी, आणि पुढे वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिकाऊ उमेदवारी, तिथे विद्यावेतन. बऱ्याच जणांना ठाऊक नसते की हा रस्ता इथे संपत नाही. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे. सरकारी तंत्रनिकेतने पणजीला आल्तिनोवर, डिचोलीत मये येथे आणि कुडचड्याला. घराला लवकर कमाई हवी असेल तर हा मार्ग मुलाला कमावता कमावता शिकू देतो.

परिचारिकेची पदवी (बी.एस्सी. नर्सिंग) घ्यायची असेल तर अकरावीलाच जीवशास्त्र घ्यावे लागते. कला शाखा घेऊन बारावीला हे कळणाऱ्या मुली दरवर्षी भेटतात.

मूल नापास झाले तर मदत बंद करावी का?

एकदा नापास झाल्यावर नाही. आधी हजेरी पाहा. हजेरी असून नापास म्हणजे शिकवण्यात, भाषेत किंवा डोळ्यांत दोष. हजेरी नसून नापास म्हणजे घरात काहीतरी घडले आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. ‘अमुक टक्के मिळाले तरच’ अशी अट घातली की सर्वांत गरजू मूल सर्वांत आधी गळते. अट घालायचीच तर हजेरीची घाला. शाळा सुटलेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी करता येते.

आम्ही परदेशात असतो. कसे पाठवावे?

तुमचा पासपोर्ट कोणता, यावर ठरते. भारतीय पासपोर्टवर आखातात किंवा इंग्लंडात असाल तर बँकेच्या मार्गाने दिलेली तुमची देणगी परदेशी ठरत नाही. पण पोर्तुगीज किंवा इतर परदेशी नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरीही, ती परदेशी देणगी होते. मग घेणाऱ्या संस्थेकडे २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो, एका संस्थेने तो दुसरीला देता येत नाही, आणि प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्चता येत नाही. गावातल्या क्लबाला किंवा देवस्थान समितीला परस्पर पाठवलेले पैसे त्यांनाच अडचणीत आणतात. स्वतःच्या भाचरांसाठी नातेवाइकांना पाठवणे वेगळे. तिथे वर्षाला दहा लाखांपर्यंत कळवण्याचीही गरज नाही.

करसवलत मिळते?

मान्यताप्राप्त संस्थेला दिली तर, आणि तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल तर. २,००० रुपयांवरची रोख देणगी धरली जात नाही. कुटुंबाला थेट दिलेल्या पैशावर किंवा वस्तूंवर सवलत नाही.

मुलाला भेटता येईल? फोटो मिळेल?

भेट शाळेत किंवा संस्थेत, शिक्षकांच्या उपस्थितीत. घरी एकट्याने जाणे नको, मुलाचा फोन नंबर घेणे नको. ‘मी शिकवतोय’ म्हणून फेसबुकवर फोटो टाकणे तर नकोच. वर्गातली मुले तो पाहतात. गोव्याचा २००३ चा बालकायदा मुलांच्या बाबतीत कडक आहे, आणि चांगली संस्था असे नियम तुम्ही विचारण्याआधीच पुढे ठेवते. जी ठेवत नाही तिच्यापासून दूर राहा. काही संशयास्पद दिसले तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा.

संस्था कशी पारखावी?

तीन प्रश्न विचारा. गेल्या पाच वर्षांत किती मुले मध्ये सोडून गेली आणि का? (‘एकही नाही’ म्हणणारी संस्था मोजत नसते.) बारावीनंतर ती मुले आज काय करतात? लेखापरीक्षित ताळेबंद दाखवाल का? मुलांच्या पत्रांचे सुंदर अल्बम हा पुरावा नव्हे.

मध्येच आमची परिस्थिती बिघडली तर?

सुरुवातीलाच एक वर्षाचा खर्च वेगळा ठेवा. थांबायचे असेल तर शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर नको, आणि किमान सहा महिने आधी कळवा, म्हणजे दुसरा प्रायोजक शोधता येतो. चार-पाच जणांनी मिळून एका मुलाची जबाबदारी घेतली तर हा धोका बराच कमी होतो.

मदत कधी संपवावी?

नोकरी लागल्यावर लगेच नको. पहिला पगार महिना भरल्यावर येतो, आणि वेर्ण्याला खोली घ्यायची तर अनामत आधी द्यावी लागते. दोन महिन्यांचे भाडे, बस आणि जेवण धरून शेवटचा हप्ता ठेवा.